डोळ्यांचीं मुलें आणि कानांचीं मुलें

अलीकडे आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून मुलांची एक नवीच वांटणी होऊं लागली आहे. पूर्वी एखाद्या मुलाची चौकशी करतांना तें कितवींत आहे, गणितांत कसें आहे, खोडकर आहे कीं शांत, एवढें विचारीत. आतां चहाचा पेला खालीं ठेवतां ठेवतां एक आई सांगते, "आमचा मुलगा दृक्‌प्रधान आहे हो, त्याला नुसतें ऐकून कांहीं कळत नाहीं, चित्रच दाखवावें लागतें." शेजारच्या बाई लगेच म्हणतात, "आमची मात्र श्रवणप्रधान! तिला वाचायला सांगूंच नका." तिसऱ्या कोणाचें मूल या दोहोंतही बसत नसेल, तर त्याच्यासाठीं 'कृतिप्रधान' हा तिसरा कप्पा तयारच असतो. हे शब्द घरांत जन्मलेले नाहींत. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतून ते शाळेंत आले, शाळेंतून पालकसभेंत आले, आणि आतां लोकांच्या तोंडीं इतके रुळले आहेत कीं, जन्मरास सांगावी तशी मुलाची ही नवी जात सांगितली जाते.

आमचें म्हणणें आम्ही प्रथमच स्पष्ट सांगतों. ही वांटणी खोटी आहे. ती शास्त्राच्या नांवावर चालली असली तरी शास्त्रानें तिला आधार दिलेला नाहीं. ती निरुपद्रवी आहे असेंही नाहीं. कारण तिच्यामुळें कांहीं मुलांचे कान आणि कांहींचे डोळे शिक्षणाच्या कामीं निरुपयोगी ठरविले जातात. डोळा कीं कान, हा प्रश्न मुलाला विचारावयाचा नसून विषयाला विचारावयाचा आहे, हा आमचा पक्ष. तो आम्ही आधीं शास्त्राच्या साक्षीनें आणि मग महाराष्ट्रांतल्याच एका उदाहरणानें मांडूं.

प्रत्येक मुलाची शिकण्याची वाट जन्मतः वेगळी, ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाश्चात्य शिक्षणक्षेत्रांत वाढीस लागली. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनीं पाहणें, ऐकणें, वाचणें-लिहिणें आणि करणें अशा चार वाटांची एक प्रश्नावली तयार केली, व १९९० नंतरच्या काळांत ती देशोदेशीं पसरली. अशा योजना करणारे फ्लेमिंग एकटेच नव्हते. २००४ सालीं ब्रिटनमधील फ्रँक कॉफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या योजनांची गणती केली, तेव्हां त्यांची संख्या ७१ भरली! शिकणाऱ्या माणसांचे गट पाडण्याच्या ७१ तऱ्हा, आणि एकीचे कप्पे दुसरीच्या कप्प्यांशीं जुळत नाहींत. जन्मपत्रिका मांडणाऱ्यांतही एवढा मतभेद नसावा.

तथापि पंथ पुष्कळ झाले म्हणजे मूळ तत्त्व खोटेंच, असें म्हणणें न्यायाचें नव्हे. तें खरें कीं खोटें हें ठरविण्याची एक सरळ कसोटी आहे. वर्गांतील मुलांचे या मताप्रमाणें दोन गट करावे. प्रत्येक गटांतील अर्ध्या मुलांना एक धडा चित्रांनीं शिकवावा आणि उरलेल्या अर्ध्यांना तोच धडा तोंडी सांगावा. नंतर सर्वांची एकच परीक्षा घ्यावी. डोळ्यांचीं मुलें चित्रांच्या वर्गांत आणि कानांचीं मुलें तोंडी वर्गांत सरस ठरलीं, तरच वांटणी खरी. एकच रीत सर्वांना सारखी लाभली, तर ती रीत चांगली एवढेंच सिद्ध होतें. मुलांच्या जाती सिद्ध होत नाहींत. २००८ सालीं अमेरिकेंतील हॅरोल्ड पॅशलर व त्यांचे तीन सहकारी मानसशास्त्रज्ञ यांनीं या विषयावरील संशोधन याच कसोटीवर घासून पाहिलें. कसोटीस उतरतील अशा रीतीनें केलेले प्रयोग त्यांना फारच थोडे आढळले. आणि त्यांतल्याही कित्येकांचा निकाल या मताच्या उलट गेला. वर्गांत ही वांटणी वापरावी असा पुरेसा आधार नाहीं, हा त्यांचा निष्कर्ष. पुढें २०१५ सालीं बेथ रोगोव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुशिक्षित प्रौढांवर प्रयोग केला. प्रत्येकाला ऐकणें आवडतें कीं वाचणें, हें आधीं नोंदवून घेतलें. मग कांहींना एक मजकूर ऐकविला व कांहींना तोच वाचावयास दिला. ज्याची जी आवड त्याला त्याच वाटेनें अधिक समजलें, असें कांहीं दिसून आलें नाहीं.

इतकें असूनही २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत ब्रिटन व नेदर्लंड्स येथील शिक्षकांपैकीं शेंकडा ९० हून अधिकांचा या मतावर विश्वास असल्याचें आढळलें. तेव्हां आपलेच शिक्षक व पालक भोळे, असें म्हणण्याचें कारण नाहीं. हा भोळेपणा सार्वत्रिक आहे. पण सार्वत्रिक असल्यानें तो शहाणपणा ठरत नाहीं.

येथें कित्येक पालक म्हणतील, "शास्त्रज्ञांचें राहूं द्या, आमच्या मुलीला चित्र दाखविलें कीं पटकन्‌ कळतें, हें आम्ही रोज डोळ्यांनीं पाहतों." पाहत असतील, आम्ही तें नाकारीत नाहीं. परंतु नुसत्या शब्दापेक्षां चित्र ध्यानांत अधिक राहणें, हा त्यांच्या मुलीचा विशेष नसून मनुष्यमात्राचा आहे. शेजारच्या तथाकथित श्रवणप्रधान मुलीला तेंच चित्र दाखवावें. तिलाही तें कळेल. दुसरें असें कीं, आवड ही एक गोष्ट आणि लाभणें ही दुसरी. मुलाला गूळ आवडतो म्हणून त्याचें शरीर गुळावरच पोसतें, असें कोणती आई म्हणेल? जेवणाच्या ताटाविषयीं जें तारतम्य आपण ठेवतों, तें पाटी-पुस्तकाविषयीं सोडून देण्याचें कारण काय, हें आम्हांस समजत नाहीं.

परदेशांतील प्रयोग कित्येकांना परके वाटतात. म्हणून हाच प्रश्न आतां आपल्या भूमीवर आणूं. रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यांत, सह्याद्रीच्या कुशींत, उमरठ नांवाचा एक लहानसा गांव आहे. तानाजी मालुसरे यांचा हा गांव. त्यांची समाधि तेथेंच आहे. त्यांची कथा हा इतिहासाचा असा एक धडा आहे कीं, जो मराठी मुलांकडे पिढ्यान्‌पिढ्या कानावाटे आला आणि आतां डोळ्यांवाटेही येत आहे. डोळा कीं कान या वादाचा निवाडा करण्यास याहून सोयीची जागा आम्हांस सुचत नाहीं.

या धड्याची पहिली वाट कानाची. १६७० च्या फेब्रुवारींत तानाजींनीं रात्रीं कडा चढून कोंढाणा गांठला. गड हातीं आला आणि ते तेथेंच पडले. या प्रसंगावर तुळशीदास शाहिराचा पोवाडा आहे. तो मुखोद्गत परंपरेनें चालत आला, आणि १८९१ सालीं अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांनीं पोवाड्यांचा संग्रह छापला त्यांत तो कागदावर स्थिर झाला. ज्या घरांत अक्षर पोंचलें नव्हतें त्या घरांत पोवाड्यानें इतिहास पोंचविला, हा त्याचा उपकार लहान नाहीं. डफाचा ठेका, तुणतुण्याची तार आणि शाहिराचा चढता आवाज यांनीं प्रसंग मनांत रोवला जातो. ठेक्यांत बांधलेलें वाक्य मोकळ्या वाक्यापेक्षां अधिक टिकतें. परंतु याच पोवाड्यानें घोरपडही आणली. दोर बांधून कड्यावर चढविलेली ती यशवंती घोरपड मराठी मुलांना पाढ्यांइतकी पाठ असते. कृष्णाजी अनंत सभासद हा शिवकालाला जवळचा लेखक. त्याची बखर १६९७ च्या सुमाराची. तींत मावळे कडा चढून गेल्याचें आहे, घोरपड मात्र नाहीं. गडाला 'सिंहगड' हें नांव तानाजींच्या मृत्यूनंतर पडलें, हीसुद्धां अशीच कानोकानीं आलेली गोष्ट. शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रांत तें नांव आधींच आलेलें आहे. कानाचा स्वभावच असा आहे: तो जपून ठेवतो, पण पारखून घेत नाहीं.

मग डोळा तरी पारखतो काय? या धड्याची दुसरी वाट डोळ्याची. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं १९२३ सालीं 'सिंहगड' हा मूकपट काढला. तेथें आवाजाचा प्रश्नच नव्हता. सारें काम डोळ्याचें. १९३३ सालीं प्रभात कंपनीनें त्याच नांवाचा बोलपट काढला. आणि २०२० सालीं तानाजींवरचा हिंदी चित्रपट आला, त्यांत नागीण नांवाची एक प्रचंड तोफ गडावर येते. सभासदाच्या बखरींत जशी घोरपड नाहीं, तशी ही तोफही नाहीं. पण ज्या मुलानें ती पडद्यावर पाहिली त्याला ती विसरतां येत नाहीं. 'ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवूं नये, डोळ्यांनीं पाहिलेलेंच खरें' असें आपण मुलांना सांगत आलों. परंतु दुसऱ्यानें रंगवून दाखविलेलें पाहणें हें खरें पाहणें नव्हेच, तें ऐकीवच होय. फक्त येथें कानाऐवजीं डोळा फसतो. शाळेंत पडदा लावला कीं शिक्षण सुधारलें, असें मानणारांनीं या तोफेचा विचार करावा.

आतां या नव्या वांटणीप्रमाणें वागून पाहा. श्रवणप्रधान मुलाला पोवाडा ऐकवा आणि दृक्‌प्रधान मुलाला चित्रपट दाखवा. वर्षअखेर एकाच्या डोक्यांत घोरपड असेल, दुसऱ्याच्या डोक्यांत तोफ; तानाजी दोघांच्याही हातीं लागणार नाहींत.

ते हातीं कसे लागतात? चांगला शिक्षक साऱ्या वर्गाला प्रथम पोवाडा ऐकवील, कारण त्या काळचा आवेश आणि भाषेचें वळण कानाखेरीज कशानेंही पोंचत नाहीं. नंतर तो सर्वांना नकाशा दाखवील. उमरठ कोठें कोंकणांत आणि सिंहगड कोठें पुण्याजवळ, मध्यें सह्याद्रीची भिंत केवढी, हें आवाजानें कळणारें नाहीं. तानाजींचा देह ज्या वाटेनें खालीं उतरविला तिला मढे घाट नांव पडलें, असें लोक सांगतात. हें नांव मुलानें आधीं कानानें ऐकावें आणि मग नकाशावर बोट ठेवून शोधावें. शक्य असेल त्यानें गडाचा कडा प्रत्यक्ष पाहावा, म्हणजे चढणें या शब्दाला वजन येईल. शेवटीं शिक्षक बखरींतला उतारा वाचावयास देईल आणि विचारील, "तुला घोरपड कोणीं सांगितली? तो त्या रात्रीं तेथें होता काय? त्याच्याआधींचा कोणी तसें सांगतो काय?" या प्रश्नांपाशीं मूल इतिहास शिकूं लागतें. त्यापूर्वी जें झालें ती तयारी. आणि त्या तयारीला डोळे लागले, कान लागले, बोटही लागलें. वर्गांतलें एकही मूल यांपैकीं कशालाही मुकलें नाहीं.

याच अर्थानें आम्ही म्हणतों कीं, इंद्रिय विषयानें ठरवावें. परक्या भाषेचा उच्चार चित्रावरून येत नाहीं, तो ऐकावाच लागतो. मग मूल दृक्‌प्रधान असो वा नसो. त्रिकोणाचे कोन गाऊन मोजतां येत नाहींत, ते काढून पाहावे लागतात. मग मूल श्रवणप्रधान असो वा नसो. बीं रुजतें कसें हें सांगून किंवा दाखवून संपत नाहीं. तें मातींत घालून आठ दिवस वाट पाहावी लागते.

आणि ही रीत आपल्याला नवी नाहीं. पोलादपूरच्या शेजारीं महाड तालुक्यांत शिवथरघळ आहे. समर्थ सांगत गेले आणि कल्याणांनीं लिहून घेतलें, असा दासबोधाचा जन्म तेथें झाल्याची परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या सातव्या दशकांत श्रवणाचें निरूपण आहे, आणि एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर, म्हणजे अक्षर सुंदर कसें काढावें यावर, खर्ची घातलेला आहे. श्रवणाचे शिष्य वेगळे आणि लेखनाचे शिष्य वेगळे, अशी वांटणी तेथें नाहीं. एकाच शिष्याला दोन्ही सांगितलें आहे. जुन्या पंतोजींच्या छडीचें समर्थन आम्ही करणार नाहीं. पण धूळपाटीवर बोटानें 'अ' गिरविणारें मूल तोंडानें 'अ' म्हणत असे, कानानें तोच ऐकत असे आणि डोळ्यांनीं त्याचें वळण पाहत असे, हें विसरतां कामा नये. डॉ. मॉन्टेसोरी यांचीं खरखरीत कागदाचीं अक्षरें याच तत्त्वावर आहेत: बोट फिरतें, डोळा पाहतो, तोंडानें उच्चार होतो. १९२६ सालीं गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ सालीं ताराबाई बोर्डीस गेल्या, आणि पुढें त्यांचें व अनुताई वाघ यांचें काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलें. महागड्या साधनांच्या जागीं त्यांनीं पानें, बिया, शंख-शिंपले अशीं गांवांत मिळणारीं साधनें आणलीं. हीं साधनें सर्व मुलांच्या सर्व इंद्रियांसाठीं होतीं. गरिबांच्या मुलांना शिकवितांना त्यांनीं साधन बदललें. मुलाला शिक्का मारला नाहीं.

शिक्का मारल्यानें बिघडतें काय, असें कोणी विचारील. पुष्कळच बिघडतें. पहिली गोष्ट, शिक्का खरी अडचण झांकतो. मागच्या बांकावरचा मुलगा फळ्यावरचें लिहून घेत नाहीं, पण सांगितलेलें सारें त्याच्या ध्यानांत राहतें. नव्या मताप्रमाणें तो श्रवणप्रधान ठरला, आणि आईबाप कौतुकानें स्वस्थ बसले. वास्तविक त्याला लांबचें दिसत नसतें! चष्मा मिळाला असता तर तो पहिल्या महिन्यांतच लिहूं लागला असता. दुसरी मुलगी चित्रांत रमते, सांगितलेलें ऐकत नाहीं. ती दृक्‌प्रधान ठरते, आणि सर्दीनें भरलेले तिचे कान वैद्याला दाखविण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. तिसरें मूल वाचतांना अक्षरांशीं झगडतें. त्याला वाचनाची विशेष मदत हवी असते, पण 'त्याची वाट कानाची' असें म्हणून त्याच्या हातांतलें पुस्तकच काढून घेतलें जातें. ज्याचे डोळे किंवा कान खरोखरच अधू आहेत, त्याला वेगळीं साधनें दिलींच पाहिजेत. ब्रेल लिपि आणि खुणांची भाषा हे तर मानवतेचे अलंकार आहेत. परंतु तेथें अडचण तपासून ओळखलेली असते. येथें धडधाकट मुलाला प्रश्नावलीवरून अधू ठरविलें जातें, आणि त्याला वर 'विशेष' असें गोड नांव दिलें जातें.

दुसरी गोष्ट, शिक्का सराव बंद करतो. ज्याला लक्ष देऊन ऐकतां येत नाहीं, त्यालाच ऐकण्याचा सराव अधिक हवा. पोहतां न येणाऱ्या मुलाविषयीं 'हें जमिनीचें मूल आहे' असें म्हणून आपण त्याला नदीपासून दूर ठेवलें, तर तें पुढें कधींच पोहणार नाहीं, आणि आपलें भाकीत खरें ठरल्याचें समाधान मात्र आपल्याला मिळेल. या मताचा सारा खरेपणा असाच स्वतः घडविलेला असतो.

तिसरी गोष्ट, शिक्क्यामागें बाजार येतो. मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन तें डोळ्यांनीं शिकणारें कीं कानांनीं, पुढें वकील व्हावें कीं चित्रकार, हें सांगणारे फिरते पंडित आतां शहरांत आणि तालुक्याच्या गांवींही दिसूं लागले आहेत. बोटांवरच्या या रेषा मूल जन्मण्यापूर्वीच पक्क्या होतात व जन्मभर तशाच राहतात. म्हणूनच त्या गुन्हेगार ओळखण्यास उपयोगी पडतात. शिकणें म्हणजे तर बदलणें. जी खूण कधीं बदलत नाहीं, ती बदलणाऱ्या मनाविषयीं काय सांगणार? हस्तसामुद्रिकाला हंसणारे सुशिक्षित गृहस्थ या छापील अहवालाला मात्र पैसे मोजतात, कारण त्यावर रंगीत आलेख काढलेले असतात!

या साऱ्या गोंधळांत मुलामुलांतला खरा भेद नजरेआड होतो. २०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' या मालिकेंतून पहिलीपासूनचे पाठ दाखविले गेले. त्या वेळीं कोणत्या घरांत शिक्षण पोंचलें? जेथें दूरदर्शन संच होता, वीज होती आणि जवळ बसणारें मोठें माणूस होतें, तेथें. दृक्‌प्रधान मूल असून घरीं पडदा नाहीं, श्रवणप्रधान मूल असून पत्र्यावरच्या आषाढी पावसांत गुरुजींचा शब्द ऐकूं येत नाहीं, अशा ठिकाणीं या वांटणीचा अर्थ काय उरतो? पोटापाण्यासाठीं मुंबईस गेलेल्या माणसांवर ज्यांच्या घरांची चूल चालते, अशा पोलादपूरकडच्या वाड्यांतील मुलांना आपण कोणत्या कप्प्यांत आहों हें कळण्याची गरज नाहीं. त्यांना दिसेल असा फळा, ऐकूं येईल अशी खोली, हातांत धरावयास पुस्तक आणि रोज येणारा शिक्षक यांची गरज आहे. हीं देण्यास पैसा आणि कष्ट लागतात. शिक्का देण्यास कांहीं लागत नाहीं. म्हणूनच शिक्के स्वस्त झाले आहेत.

एक शेवटची गोष्ट सांगतांना शब्द जपून वापरले पाहिजेत, हें आम्ही जाणतों. आपल्या समाजांत कोणाच्या कानांवर कोणते शब्द पडावे आणि कोणाच्या डोळ्यांनीं कोणतीं अक्षरें पाहावीं, हें एके काळीं जन्मानें ठरत असे. उमरठपासून जवळच्याच महाडांत २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, तेव्हां जन्मावरून माणसाची मर्यादा ठरविण्याच्या साऱ्या तत्त्वालाच त्यांनीं आव्हान दिलें. त्या अन्यायाची आणि या नव्या खुळाची बरोबरी करावयाची नाहीं. तसें करणें त्या दुःखाचा अपमान होईल. परंतु 'हें मूल या जातीचें, म्हणून याला एवढेंच झेपेल' हें वाक्य ज्या समाजानें एकदां इतकें महाग विकत घेतलें आहे, त्यानें तें नव्या वेष्टनांत पुन्हां घरांत आणतांना दहा वेळां विचार करावा, एवढें म्हणण्याचा अधिकार आम्हांस आहे.

सारीं मुलें सारखीं, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. मुलें भिन्न असतात. परंतु तीं आधीं काय शिकलीं आहेत, त्यांच्यापाशीं शब्द किती आहेत, तीं पोटभर जेवलीं आहेत काय, त्यांना कोणी वाचून दाखवितें काय, यांत भिन्न असतात. हे भेद बदलतां येतात, आणि ते बदलणें हेंच शिक्षकाचें व पालकाचें काम. जो भेद बदलतां येत नाहीं असें गृहीत धरलें जातें, तो मानण्यांत एक सोय आहे: कोणालाच कांहीं करावें लागत नाहीं.

म्हणून आमचें मागणें थोडें आहे. शिक्षकांना तयार करणाऱ्या संस्थांनीं हें मत शिकवावयाचें असेल तर एक फसलेलें मत म्हणून शिकवावें. शाळेच्या कागदांत मूल दृक्‌प्रधान कीं श्रवणप्रधान असा रकाना असेल, तर पालकांनीं तो कोरा ठेवावा, आणि त्याऐवजीं वर्षांतून एकदां मुलाचे डोळे व कान तपासून घ्यावे. मूल शाळेंतून घरीं आलें म्हणजे त्याला विचारावें, "आज काय ऐकलेंस? काय पाहिलेंस? आणि त्यांतलें खरें काय, हें कशावरून ठरविलेंस?" तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्या मुलाला देतां येऊं लागेल, त्याला घोरपडही आनंदानें ऐकतां येईल आणि तोफही आनंदानें पाहतां येईल, तीं दोन्ही त्याला फसवूं शकणार नाहींत. देवानें म्हणा वा निसर्गानें म्हणा, मुलाला दोन डोळे आणि दोन कान दिले आहेत. त्यांतले कोणते दोन वापरावयाचे, हें ठरविण्याचा अधिकार त्यानें कोणत्याही प्रश्नावलीला दिलेला नाहीं.